कोरड्यास

दिवस कासराभर वर आला की आप्पा औत थांबवायचे आणि बांधाकडं बघायचे. आमच्या रानात घड्याळ कुणाकडंच नव्हतं. पण त्याच सुमाराला आई डोक्यावर पाटी घेऊन पांदीतून वर येताना दिसायची. पाटीत फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी, पितळी डब्यात कोरड्यास, गाडग्यात ताक, दोन कांदे आणि पदराच्या गाठीला मूठभर भुईमुगाच्या शेंगा. आप्पा बैलांच्या तोंडापुढं वैरण टाकून, हात धुऊन बाभळीखाली बसायचे. भाकरी तळहातावर घ्यायची, तिच्यावरच कोरड्यास वाढून घ्यायचं, कांदा बुक्कीनं फोडायचा. मग बराच वेळ कुणी कुणाशी बोलायचं नाही.

ही आमची न्याहारी. सांगोला तालुक्यात, माण नदीपासून कोसभर आत आमचं गाव. मुरमाड रान, बेभरवशाचा पाऊस. ज्वारी आणि बाजरी ही मुख्य पिकं, आणि त्यांच्या आडोशानं आलेली हुलगा, मटकी, तूर, करडई, हरभरा. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं भाकरीला लावून जे खायचं त्या सगळ्याला कोरड्यास म्हणतात. पिठलं असो, मटकीची उसळ असो, पातळ आमटी असो, नाव एकच. नावावरूनच कळतं की भाकरी मालकीण आणि कोरड्यास तिच्या सोबतीला. मी सातवी-आठवीपर्यंत आईला रोज विचारायचो, "आज कोरड्यास काय?" भाकरीचं काय, हे विचारायची गरजच नव्हती. ती असणारच.

पुढं मी हायस्कुलात इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या. पण आमच्या घरातला जो खरा इतिहास होता, तो या पाटीत होता, हे मला साठीच्या आसपास कळलं. तेही चूक करून कळलं.

आधी ती पाटी नीट उघडून बघू. आता काही जण म्हणतात, जुनी माणसं साधं खात होती म्हणून त्यांना साखर नव्हती. हे अर्धंच खरं. आप्पा न्याहारीला दोन भाकरी खायचे आणि आमच्या भाकरी शहरातल्या फुलक्यासारख्या नव्हत्या, ताटभर होत्या. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे सत्तर ग्रॅम पिष्ट असतं आणि दहाच्या आसपास प्रथिनं. म्हणजे दोन भाकऱ्यांत आप्पांच्या पोटात शंभर ग्रॅमच्या आसपास पिष्ट जात होतं. आजचा आहारतज्ज्ञ ऐकून कपाळाला हात लावेल.

पण त्या दोन भाकरींच्या आधी काय झालेलं असायचं ते बघा. मला मोट आठवते ती अगदी लहानपणची. शुक्राची चांदणी वर आली की आप्पा विहिरीवर जायचे. बैलांबरोबर धावेवरून खाली जायचं, मागं सरत वर यायचं, परत खाली. न्याहारीपर्यंत तीन-चार तास हेच. नांगरटीचे दिवस असले तर औतामागं कोसचे कोस चालणं. कामाला लागलेला स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्याला इन्सुलिनची फार मनधरणी करावी लागत नाही. आप्पांची भाकरी पोटात गेल्यावर तिला साठून राहायला जागाच नव्हती. दुपारच्या आत ती मातीत जिरायची.

दुसरी गोष्ट म्हणजे तिच्याबरोबरचं कोरड्यास. ते हंगामाप्रमाणं बदलायचं. पावसाळ्यात घोळ, पातर, तांदुळसा अशा न पेरता उगवलेल्या भाज्या. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची भाजी. उन्हाळ्यात माळवं संपलं की हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, पिठलं, आणि शेंगदाण्याच्या कुटाचं दाट म्हाद्या. सोबत कारळ्याची किंवा जवसाची चटणी, तीवर करडईच्या घाण्याच्या तेलाची धार. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यात पंचवीस. डाळी-कडधान्यांतही पिष्ट आहेच, पण ते प्रथिनांत आणि चोथ्यात गुंतलेलं, सावकाश सुटणारं. तेल, चोथा आणि प्रथिनं जठरात असली की अन्न पुढं सरकायला वेळ लागतो. साखर रक्तात एकदम उसळत नाही आणि एकदम कोसळतही नाही. "पोटाला दम धरतंय" असं आई म्हणायची, ते हेच.

पाभरीमागं चालताना आप्पा ज्वारीच्या काही ओळींनंतर करडईची एक ओळ सोडायचे, कडेला हरभरा टोकायचे. शेतातच भाकरी आणि कोरड्यास शेजारी शेजारी पेरलेलं होतं.

कोरड्यास गेलं की काय होतं, हे इतिहासानं आम्हाला दोनदा दाखवलं. पहिल्यांदा 1876 ते 1878 च्या दुष्काळात. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. त्या वेळी सर रिचर्ड टेम्पल यांना सरकारनं दुष्काळी भागाच्या पाहणीवर पाठवलं होतं. खर्च वाचवायचा म्हणून त्यांनी मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवली. दिवसाला एक रतल धान्य आणि त्यावर थोडी चिल्लर, एवढ्यात माणूस जगतो, असा त्यांचा हिशोब. एक रतल म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की नुसतं धान्य कमी आहे एवढंच नव्हे, तर राबणाऱ्या माणसाला डाळ आणि भाजीही लागते. मुंबई इलाख्यातही मजुरी उतरली तेव्हा मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. मुलांना हा धडा शिकवताना मी टेम्पलसाहेबाची चांगली खरडपट्टी काढायचो. कागदावर जेवण मोजणारा माणूस, असं त्याला म्हणायचो. हे वाक्य पुढं माझ्यावरच उलटणार होतं.

दुसऱ्यांदा मी स्वतः होतो. 1972. मी चौथीत. आधीची दोन वर्षंही धड नव्हती, आणि त्या साली आभाळानं पाठच फिरवली. विहिरीचा तळ दिसला. मग कामं निघाली. नाल्यांना बांध, पाझर तलाव, रस्त्यासाठी खडी. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. त्यांत आप्पा आणि आई होते. याच दिवसांतून पुढं रोजगार हमीचा कायदा आला.

रेशनला मिलो यायची. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी तांबडी व्हायची, थापताना कडेला चिरायची आणि घशातून उतरताना टोचायची. पण ती मिळत होती, म्हणून आम्ही जगलो, हे विसरून चालणार नाही. कामावर सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठाची, गोड. आम्ही पोरं तिच्यासाठी मैल मैल चालत जायचो. पोट भरायचं, पण त्या वर्षी कोरड्यास नव्हतं. हुलगा नव्हता, मटकी नव्हती, पाला नव्हता. आईनं पाण्यात मीठ-चटणी कालवून त्याला कोरड्यास म्हटलं. आणि वैरण नाही म्हणून गाय, म्हैस दोन्ही बाजारात गेल्या. दावणीला बैल तेवढे राहिले. ज्या दिवशी म्हैस गेली त्या दिवशी आई म्हणाली, "आता ताकाला दुसऱ्याच्या दारात." पण दुसऱ्याच्या दारातही दावण रिकामीच होती.

दुष्काळ सरला. ज्वारी परत आली. पण कोरड्यास पहिल्यासारखं परत आलं नाही. आधी ताकाची जागा चहानं घेतली. चहा गावात नवा नव्हता. चहाच्या कंपन्यांनी इंग्रजांच्या अमलातच गावोगावी फुकट पेले वाटून त्याची चटक लावायला सुरुवात केली होती. तरी आमच्या घरात तो पाव्हण्यापुरता होता. दुष्काळात गुळाचा कोरा चहा भूक मारायला उपयोगी पडला आणि घरातच राहिला. पुढं जर्सी गाई आल्या, दूध वाढलं. पण ते भल्या पहाटे किटल्यांतून डेअरीला जायला लागलं. दूध घरात ठेवणं म्हणजे पैसा पिऊन टाकणं, अशी समजूत झाली. विरजण बंद, ताक बंद. डेअरीच्या पैशावर माझं कॉलेज झालं, तेव्हा मी तिला नावं कशी ठेवू?

रानही बदललं. विहिरीवर इंजिन आलं, मग मोटार. बटण दाबलं की पाणी. नांगराला ट्रॅक्टर. मग डाळिंब आलं, ठिबक आलं. मुरमाड रानात सोनं पिकलं आणि सांगोल्याचं नाव झालं. डाळिंबाच्या बागेत हुलग्या-मटकीला जागा कुठली? कडधान्य दुकानातून पावशेर-अर्धा किलोनं यायला लागलं आणि तेवढ्याच मापानं ताटात पडायला लागलं. न्याहारीच्या वेळी आता चहा, खारी, बिस्किटं. सणावाराला आणि बघण्याच्या कार्यक्रमाला लागणारे पोहे रोजचे झाले. आमच्या भागात भात पिकत नाही, पण स्टँडवरच्या प्रत्येक गाड्यावर पोहे. मला ते आवडतात, नाही म्हणत नाही. पण एका भरल्या बशीत पन्नास ग्रॅमच्या आसपास पिष्ट आणि प्रथिनं चार-पाच ग्रॅम, वर साखरेचा चहा. अकराच्या तासाला वर्गात फळ्याकडं तोंड करून मी जांभया लपवायचो, त्याचं कारण अकबर-बिरबल नव्हते, हे पोहे होते.

कष्ट गेले, कोरड्यास आटलं आणि पिष्ट मात्र राहिलं. ते उलट जास्त बारीक, जास्त गोड झालं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही लोकांची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. ग्रामीण भागातही शंभरातले जवळजवळ नऊ. गावात पूर्वी साखर म्हटलं की कारखाना आठवायचा. आता पारावर बसलेली माणसं एकमेकांना आपापली साखर सांगतात.

2015 साली ती आमच्या घरात आली. आईला. जखम भरेना म्हणून तपासलं तर साखर तीनशेच्या वर. तोवर आप्पा जाऊन सहा वर्षं झाली होती. आई सत्तरी ओलांडलेली, रानातली कामं सुटलेली, पण ताटातल्या भाकरी तशाच. गोळ्या सुरू झाल्या.

मी सोलापुरात. मी वाचायला लागलो. पिष्ट कमी केलं की साखर आटोक्यात येते, हे वाचलं आणि त्यात तथ्य आहेच. मी स्वतः पोहे सोडून दोन अंडी आणि मटकीची उसळ खायला लागलो तेव्हा अकराच्या जांभया खरोखर थांबल्या. दोन अंड्यांत बारा ग्रॅम प्रथिनं, पिष्ट जवळजवळ नाहीच. मला वाटलं, सापडलं. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो आणि आईच्या हातची परात बाजूला ठेवली. "आई, आजपासून सकाळची भाकरी बंद."

ती माझ्याकडं बघत राहिली. "बंद? म्हंजी एक बी न्हाई?"

"एकही नाही. उसळ खा, अंडं खा, ताक पी."

"आरं, भाकरीबिगार न्याहारी म्हंजी बैलाबिगार गाडी," ती म्हणाली. पण मास्तर झालेल्या लेकाचं ऐकायचं, म्हणून ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळी घेतली, वाटीभर उसळ खाल्ली आणि शेपू खुडायला बांधाकडं गेली. बराच वेळ परतली नाही म्हणून मी गेलो. त्याच बाभळीखाली ती बसली होती. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते. मला बघून म्हणाली, "बैलं सोडली का?" तिनं मला आप्पा समजलं होतं.

शेजारच्या रानातली बाई धावत आली. तिनं डब्यातला गूळ पाण्यात कालवून घोट घोट पाजला. तालुक्याला नेईपर्यंत आई बोलायला लागली होती, तरी साखर साठच्या आतच होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, गोळी भाकरीच्या हिशोबानं दिली होती. तुम्ही भाकरी काढलीत, गोळी तशीच ठेवलीत. मग गोळीनं ओढायचं काय?"

परतीच्या वाटेवर मला टेम्पलसाहेब आठवला. त्यानं धान्य मोजलं आणि माणूस सोडून दिला. मी पिष्ट मोजलं आणि आईचं वय, तिची गोळी, तिची सकाळ सोडून दिली. फरक एवढाच की माझी माणसं पन्नास लाख नव्हती, एकच होती.

डॉक्टरांनी गोळी बदलून कमी केली, मूत्रपिंडाची तपासणी केली आणि मग जेवणात काय बदलायचं ते तिच्याशीच बोलून ठरवलं. म्हणून वाचकांनाही सांगतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पिष्ट कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ज्यांचं मूत्रपिंड दुखावलेलं आहे त्यांनी डाळी-अंडी वाढवण्याआधीही विचारा. हे शेवटी कोपऱ्यात छापायचं वाक्य नव्हे. आमच्या घरात ते बाभळीखाली घडलं आहे.

त्या रात्री आई म्हणाली, "भाकर कमी कर म्हन, बंद कर म्हनू नगं. कोरड्यास वाढीव. आमच्या लग्नाच्या पंगतीत बी कुनी उपाशी उठलं न्हवतं, आन् भाकऱ्या तवा बी मोजूनच व्हत्या." मग तिनं स्वतःच ताट लावलं. अर्धी भाकरी आणि दोन पळ्या कोरड्यास. मालकीण सोबतीला गेली, सोबतीण मालकीण झाली.

आज तिचं वय त्र्याऐंशी. तिची न्याहारी मी वहीत लिहून ठेवली आहे, कारण आता तीच माझीही आहे. सोमवारी मोड आलेल्या मटकीची उसळ, वर कच्चा कांदा. मंगळवारी शेपू घालून झुणका. बेसन बेताचं, शेपू भरपूर. बुधवारी अंड्याची पोळी, आत मेथी नाहीतर पातर. गुरुवारी हुलग्याचं माडगं, गुळाशिवाय, लसूण-जिऱ्याच्या फोडणीचं. शुक्रवारी मूगडाळ भिजवून वाटलेली दोन धिरडी, कारळ्याच्या चटणीशी. शनिवारी म्हाद्या आणि करडईची भाजी. रविवारी जे उरलं असेल ते. अर्धी भाकरी ज्या दिवशी हवी त्या दिवशी. धिरडी असतील तेव्हा तीही नाही. ताक रोज. त्यासाठी आम्ही डेअरीला घालायच्या दुधातलं लिटरभर घरात ठेवतो, आणि घरात अजून त्यावरून कुरकुर होते. भूक लागली तर मूठभर भाजलेल्या शेंगा. हुरड्याच्या दिवसांत मात्र ती ऐकत नाही. हुरडा गोड असतो, पिष्टाचाच असतो, हे तिला माहीत आहे. "वरसातनं एकदा," म्हणते आणि आगटीजवळ बसते. मीही वही मिटतो.

वहीत मी पहिल्यांदा ग्रॅम लिहायचो. आता तो रकाना रिकामा ठेवला आहे. त्याऐवजी त्या सकाळी ती किती चालली ते लिहितो. बांधापर्यंत, विहिरीपर्यंत, कधी देवळापर्यंत. यंदा डाळिंबाची एक ओळ मर रोगानं गेली, तिथं तिनं हुलगा टाकायला लावला. पाऊस बरा झाला आहे. काल मी गावात पोचलो तेव्हा परात पुढं घेऊन ती पीठ मळत होती. चपला काढता काढता मी सवयीनं विचारलं, "आई, आज कोरड्यास काय?"

"ते सांगतेच," ती म्हणाली, "आदी तू सांग, भाकर किती टाकू?"